पेटीपासून जाळ्यापर्यंत : ग्रंथालयांच्या जोडणीचा इतिहास आणि आपण

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याहून एक संशोधक विद्यार्थी माझ्या महाविद्यालयात मला भेटावयास आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या एका मराठी नाटकाची प्रत तो दोन वर्षे शोधीत होता. पुणे झाले, मुंबई झाली, ठाणे झाले; प्रत कोठेच मिळाली नाही. सुरतेस तो आला होता तो नात्यातल्या एका लग्नासाठी. सहज म्हणून मी त्याला आपल्या वाचनालयात घेऊन गेलो आणि जुन्या दाखल-नोंदवहीच्या पहिल्या काही पानांतच त्या नाटकाचे नाव सापडले. पुस्तकही कपाटात होते. पाने पिवळी पडलेली, पण सर्व शाबूत. विद्यार्थी हरखून गेला. मी मात्र ओशाळलो. जे पुस्तक आपण इतकी वर्षे वाळवीपासून आणि दमट हवेपासून जपले, ते आपल्याकडे आहे ही वार्ता आपल्या दाराबाहेर गेलीच नव्हती.

आज आपले वाचनालय शंभर वर्षांचे होत असताना या स्मरणिकेसाठी काय लिहावे असा विचार करू लागलो, तेव्हा हा प्रसंग प्रथम आठवला. संस्थापकांचे गुणगान इतर अधिकारी लेखणीतून होईलच. मला येथे एका वेगळ्या विषयाचा इतिहास मांडावयाचा आहे : एक संस्था दुसऱ्या संस्थेशी जोडली जाते ती कशी, आणि संगणकाच्या युगात ही जोडणी कशाच्या आधारावर टिकते? मी मराठीचा अध्यापक आहे, यंत्रज्ञ नव्हे. तेव्हा यंत्राविषयी लिहीन ते सामान्य वाचकाला उमगेल तेवढेच.

सुरतेच्या माणसाला दूरच्या माणसाशी व्यवहार जोडण्याची विद्या नव्याने शिकवावी लागत नाही. १६१३ मध्ये इंग्रजांची वखार येथे स्थिर झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून येथील सराफांच्या हुंड्या दूरदूरच्या पेठांत वटत होत्या. हुंडी म्हणजे कागदाचा एक कपटा. पण सुरतेस लिहिलेला तो कपटा आग्र्यास दाखविताच रोख रक्कम मिळे. याचे कारण दोन्ही टोकांना ठाऊक असलेला लिहिण्याचा ठराविक साचा. त्यात रक्कम केवळ आकड्यात लिहून भागत नसे. रुपये १०० लिहिले, तर 'निमे रुपये ५०, त्याचे दुप्पट' असेही लिहावे लागे. वाटेत कोणी आकड्यात फेरफार केला, तर निम्म्याशी ताळा जुळत नसे आणि लबाडी उघडी पडे. हा ताळा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे संगणकाच्या प्रकरणात तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

ग्रंथालयांच्या बाबतीत मात्र असा सामाईक साचा आपल्याकडे बराच काळ नव्हता. सुरत हे विद्येच्या दृष्टीनेही जुने शहर. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात येथे शाळाखात्यात होते आणि दुर्गाराम मेहताजी यांच्यासह त्यांनी १८४४ मध्ये येथेच मानवधर्म सभा स्थापन केली. गुजराती आणि मराठी विद्वत्तेचा हा संगम याच शहरात घडला, याचा आपल्याला अभिमान वाटावा. १८५० मध्ये येथे ॲन्ड्रूज लायब्ररी निघाली. पुढे गावोगावी वाचनालये निघाली, त्यांत मराठी माणसांचीही होती. परंतु ही सारी वाचनालये बेटांसारखी होती. प्रत्येकाची यादी वेगळी, क्रमांक वेगळे, वर्गीकरण ग्रंथपालाच्या मर्जीनुसार. एका वाचनालयातील पुस्तक दुसऱ्या वाचनालयाच्या सभासदाला मिळावे ही कल्पनाच त्या रचनेत बसत नव्हती.

ती कल्पना प्रत्यक्षात आणली ती आपल्या शेजारच्या बडोदे संस्थानाने. सयाजीराव गायकवाड अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून आले आणि १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन तेथे सुमारे तीन वर्षे होते. मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली प्रांत, तालुका आणि गाव अशी ग्रंथालयांची उतरंड त्या काळात उभी राहिली. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे फिरती ग्रंथालये जात : लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके भरून त्या गावोगावी पाठवीत आणि वाचून झाल्यावर परत मागवीत. वाहतुकीचा खर्च खाते सोशी. आपल्या सुरतेच्या दक्षिणेस पंधरा-वीस कोसांच्या आतला नवसारी प्रांत बडोदे संस्थानातच होता. म्हणजे पुस्तकांचे हे जाळे आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेले होते. सुरत इंग्रजी मुलुखात असल्याने ते तेथेच थबकले.

बॉर्डननंतर या कामाची धुरा वाहणाऱ्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांचे नाव आदराने घेतले पाहिजे. १९१९ मध्ये त्यांनी बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. १९१२ पासून खात्याचे एक नियतकालिकही निघत होते. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत मजकूर देई. आज शंभर वर्षांनंतर या चळवळीकडे पाहताना तिच्या यशाचे तीन आधार स्पष्ट दिसतात. पहिला आधार एकसारख्या नोंदीचा. बॉर्डन यांनी सर्व ग्रंथालयांसाठी वर्गीकरणाची एक पद्धती ठरविली, त्यामुळे बडोद्याचा क्रमांक इतर गावांच्या ग्रंथपालांनाही कळत असे. दुसरा आधार खर्चाच्या कायम तरतुदीचा. गावकऱ्यांनी ठराविक रक्कम उभी केली की तेवढीच पंचायतीकडून आणि तेवढीच सरकारकडून मिळे. एकदाच देणगी घेऊन हात झटकण्याला तेथे वाव नव्हता. तिसरा आधार शिकविलेल्या माणसाचा. ग्रंथपालाचे काम हे शिकण्याचे काम आहे असे मानून बडोद्यात त्याचे वर्ग चालविले गेले. तार, वीज, यंत्र यांपैकी काहीही हाताशी नसताना केवळ या तीन आधारांवर ते जाळे उभे राहिले.

आता आपण संगणकाकडे वळू. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने 'एर्नेट' हे शिक्षण व संशोधन संस्थांचे संगणकीय जाळे हाती घेतले. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि स्वतः तो विभाग असे आठ जण त्यात प्रारंभी होते. मुंबईतले ते केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये दूरध्वनीच्या तारेवरून संगणकीय टपालाची पहिली ये-जा सुरू झाली. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते विदेश संचार निगमामार्फत १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि तेही प्रथम महानगरांत.

या जाळ्याच्या मुळाशी काय आहे? एका संगणकाने दुसऱ्याशी कसे बोलावे याचा एक ठराव. १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतील मूळ जाळ्याने जो ठराव स्वीकारला, तोच आज जगभर चालतो. निरोपाचे लहान लहान तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक घालावयाचा, आणि सोबत एक ताळ्याचा आकडा जोडावयाचा. घेणारा संगणक तो ताळा स्वतः पुन्हा मांडून पाहतो. जुळला नाही तर तो तुकडा टाकून देतो आणि पाठविणाऱ्याला तो पुन्हा पाठवावा लागतो. आपल्या सराफांच्या 'निमे रुपये ५०, त्याचे दुप्पट' याच जातीची ही खबरदारी. अर्थात हुंडीचा ताळा लबाडी पकडण्यासाठी होता आणि येथे तो मुख्यतः वाटेतल्या चुकीसाठी आहे. तरी दोन्ही ठिकाणी विश्वास बसतो तो ताळा जुळल्यावरच.

संस्थेच्या भिंतींच्या आतली जोडणीही याच काळात बदलली. नव्वदीच्या दशकात कचेऱ्यांतून एकाच जाड तारेवर सर्व संगणक ओळीने टांगलेले असत. त्यात कोठेही एक सांधा निखळला की सारी ओळ मुकी होई, आणि दोष कोठे आहे हे शोधण्यात दिवस जाई. पुढे प्रत्येक संगणकाची स्वतंत्र तार एका मधल्या पेटीपर्यंत, म्हणजे प्रथम हबपर्यंत आणि नंतर स्विचपर्यंत, नेण्याची पद्धत आली. एक तार तुटली तर एकच संगणक बंद पडतो, बाकीच्यांचे काम चालू राहते. संयुक्त कुटुंबात एकाच्या रुसव्याने सारे घर उपाशी राहू नये, तशी ही व्यवस्था.

ग्रंथालयांनी या साधनाचा उपयोग लवकर ओळखला. दिल्लीत १९८८ मध्ये इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या ग्रंथालयातून 'डेल्नेट'चा प्रारंभ झाला. विद्यापीठ अनुदान मंडळाने १९९१ मध्ये 'इन्फ्लिबनेट' हा कार्यक्रम हाती घेतला. आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. हा कार्यक्रम आरंभी पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र केंद्राच्या पंखाखाली होता, आणि 'आयुका'चे संस्थापक-संचालक होते डॉ. जयंत नारळीकर. कार्यक्रमाचे ठाणे मात्र अहमदाबादेस गुजरात विद्यापीठाच्या आवारात होते. १९९६ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली आणि आता गांधीनगरला आहे. म्हणजे आकाशातील ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या संस्थेने गुजरातेतल्या ग्रंथांच्या नोंदी जोडणाऱ्या संस्थेला बाळपणी हात दिला. बडोद्याचा बॉर्डन-कुडाळकरांचा वारसा आठवला की हे नाते योगायोगाहून थोडे अधिक वाटते. १९९४ मध्ये अहमदाबादच्या ग्रंथालयांचे 'ॲडिनेट' हे जाळेही झाले.

या साऱ्या प्रयत्नांचे मुख्य फळ म्हणजे संघसूची. साधी ग्रंथसूची काय छापले गेले ते सांगते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची जी सूची एकहाती सिद्ध केली, तिच्यापुढे आपण सर्वांनी नतमस्तक व्हावे. परंतु ग्रंथाची प्रत आज कोणत्या कपाटात आहे, हे संघसूची सांगते. माझ्याकडे आलेल्या त्या विद्यार्थ्याला हवी होती ती ही दुसरी माहिती. 'इन्फ्लिबनेट'ने विद्यापीठांच्या ग्रंथालयांची अशी सूची तयार केली, आणि प्रबंधांसाठी 'शोधगंगा' उघडली. सुरतेच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठातील प्रबंधही आज घरबसल्या वाचता येतात. पण हे कार्य विद्यापीठांपुरते आहे. सार्वजनिक वाचनालये त्याच्या कक्षेबाहेर राहिली, आणि आपल्यासारखी वाचनालये तर दुहेरी बाहेर. १ मे १९६० नंतर सुरत गुजरात राज्यात आली. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. तो आपल्याला लागू नाही. गुजरातचा कायदा २००१ मध्ये झाला. परंतु आपल्या कपाटांतले ग्रंथ मराठी. महाराष्ट्राच्या यादीत आपण परराज्यातले, गुजरातच्या यादीत आपली पुस्तके परभाषेतली. या दोन याद्यांच्या मधल्या फटीत आपले धन पडून राहिले.

यात लिपीच्या प्रश्नाची भर पडली. संगणकाच्या पोटात अक्षरे नसतात, अंक असतात. कोणत्या अंकाला कोणते अक्षर म्हणावयाचे, याविषयी सर्वांचे एकमत हवे. देवनागरीसाठी असे भारतीय प्रमाण १९९१ मध्ये ठरले, आणि त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एका कोष्टकात बसविणाऱ्या 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती आली. तीत देवनागरी होती. पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेत भारतीय लिप्यांसाठी मोलाचे काम झाले. असे असूनही नव्वदीच्या दशकात बाजारात जे मराठी टंक मिळत, त्यांतील बहुतेक आपापल्या मनाप्रमाणे चालत. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रे बसविलेली; प्रत्येक विक्रेत्याची मांडणी निराळी. छापण्यापुरते ते ठीक होते. शोधण्यासाठी, वर्णक्रम लावण्यासाठी, दुसऱ्याला पाठविण्यासाठी ते निरुपयोगी होते.

याचा चटका आपण सोसला आहे. १९९८ मध्ये वर्गणी काढून वाचनालयाने एक संगणक घेतला. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत बसून जुन्या नोंदवहीतील नोंदी त्यात भरल्या. मराठी टंकाबरोबर विक्रेत्याने एक लहानसे कुलूप दिले होते. ते संगणकाच्या मागे खोचल्याशिवाय मराठी दिसत नसे. पाच वर्षांनी नवा संगणक आला, त्याला ते कुलूप बसेना. नोंदी उघडल्या, तर पडद्यावर रोमन चिन्हांची खिचडी. विक्रेत्याने तो व्यवसायच सोडला होता. उरलेले काम २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीने केले. उकाईचे पाणी सुटले, शहराचा बहुतांश भाग बुडाला. आपला संगणक तळमजल्यावर होता, आणि नोंदींची प्रत असलेल्या फ्लॉपी त्याच मेजाच्या खणात. वरच्या मजल्यावरची कापडात बांधलेली जुनी वही तेवढी कोरडी राहिली. पूर ओसरल्यावर त्या दोघांपैकी एक विद्यार्थी, तोवर नोकरीला लागलेला, मुद्दाम भेटावयास आला होता. चिखलाने भरलेला तो संगणक पाहून तो काही बोलला नाही. मीही काही बोललो नाही.

यंत्रावर दोष टाकणे सोपे आहे. बडोद्याच्या तीन आधारांवर आपले काम पारखून पाहिले, तर चूक आपली होती हे कबूल करावे लागते. नोंद सर्वमान्य साच्यात नव्हती. ती एका विक्रेत्याच्या कुलपात होती. खर्चाची तरतूद एकदाच झाली. दरवर्षीच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात ओळ नव्हती. आणि जबाबदार माणूस नव्हता. दोन मुलांच्या सुटीच्या उत्साहावर शंभर वर्षांचे धन सोपविले होते. मोठमोठ्या कचेऱ्यांचे संगणकीय जाळे कोसळते तेव्हाही चौकशीअंती बहुधा यांपैकीच काहीतरी निघते : प्रत ठेवलेली नसते, किंवा मूळ आणि प्रत एकाच खोलीत असतात, किंवा पाहणारा कोण हेच ठरलेले नसते.

आज परिस्थिती पुष्कळ अनुकूल आहे. युनिकोडमुळे मराठी नोंद कोणत्याही संगणकावर वाचता येते. ती भरताना काळजी मात्र हवी. रोमन लिपीतल्या यादीत 'काल', 'काळ', 'कल' आणि 'कळ' हे चारही शब्द एकाच तीन अक्षरांत मावतात, म्हणून नोंद देवनागरीतच पाहिजे. देवनागरीतही खाचखळगे आहेत. आपल्या शहरातील ॲन्ड्रूज लायब्ररीच्या नावातले पहिले अक्षर घ्या. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्याआधी ते 'अ'वर चंद्र देऊन साधले जाई. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधणाऱ्या संगणकाला ती निरनिराळी वाटू शकतात. यासाठीच एकसारख्या नोंदीचा नियम लिहून ठेवावा लागतो.

ग्रंथालयासाठी लागणारी कार्यप्रणालीही आता मोफत मिळते. न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये 'कोहा' नावाची प्रणाली रचण्यास आरंभ झाला आणि पुढे ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. तेथील माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. ती देवनागरी स्वीकारते, आणि जगभर मान्य असलेल्या साच्यात नोंद ठेवते. म्हणजे उद्या ही प्रणाली सोडून दुसरी घेतली तरी नोंदी सोबत नेता येतात. कुलपाचा प्रश्नच उरत नाही.

आपल्या आकाराच्या वाचनालयास यासाठी फार मोठा डोलारा नको. दोन संगणक, त्यांना जोडणारा एक लहान स्विच, इंटरनेटची एक जोडणी, वीज गेल्यावर काही मिनिटे तग धरणारी बॅटरी. आणि हे सारे वरच्या मजल्यावर. नोंदींच्या तीन प्रती : एक संगणकात, एक सुट्या डिस्कवर, आणि एक सुरतेबाहेर, जेथे तापी पोहोचणार नाही. नोंद भरण्याचा लेखी नियम. अंदाजपत्रकात दरवर्षी एक ठराविक रक्कम. आणि ग्रंथालयशास्त्र शिकलेली एक व्यक्ती, अर्धवेळ का होईना, पण पगारी आणि उत्तरदायी.

कार्यकारी मंडळास व देणगीदारांस माझी नम्र विनंती आहे. शताब्दीच्या निधीतून सभागृहाची डागडुजी अवश्य व्हावी, संस्थापकांची तैलचित्रे अवश्य लागावीत. परंतु त्या निधीचा एक हिस्सा या यादीसाठी बाजूला काढून ठेवावा, आणि त्याच्या व्याजातून पगार व देखभाल चालावी. यादी पूर्ण झाली की ती पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांस आणि आपल्या विद्यापीठास विनामूल्य द्यावी. आपले पुस्तक आपल्याच कपाटात राहील. त्याची वार्ता तेवढी जगात जाईल.

तो पुण्याचा विद्यार्थी आता स्वतः प्राध्यापक आहे. त्या नाटकाची छायाप्रत त्याच्या संग्रही आहे आणि मूळ प्रत अजून आपल्याकडे आहे. ज्या जुन्या नोंदवहीमुळे ती सापडली, तिच्यात मी परवा पुन्हा डोकावलो. पहिल्या पानावर नाव न लिहिलेल्या कोणा लेखनिकाने सुरेख मोडी वळणाच्या बाळबोध अक्षरात रकाने आखले आहेत : क्रमांक, ग्रंथनाम, कर्ता, किंमत, शेरा. शंभर वर्षांपूर्वी त्याने साचा ठरविला आणि तो मोडला नाही. म्हणून त्याची नोंद आजही वाचता येते. पुढील शंभर वर्षांच्या सभासदांनी आपल्या नोंदीविषयी हेच म्हणावे, इतकीच इच्छा.